चक्कर: धंतोलीचं क्लिनिक की कमरेचा पट्टा?

आईनं अंथरुणात कूस बदलली की तिच्याभोवती घर फिरायचं. नागपूरच्या धंतोलीतल्या क्लिनिकमध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा चष्मा लावून डोळ्यांची थरथर पाहिली, तेव्हा कळलं: आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेत. इप्ली पद्धतीनं डोकं ठरावीक क्रमानं वळवून डॉक्टरांनी ते परत आणले. इथं तोलाच्या व्यायामासाठी कमरेला बांधायचा, कंप देणारा पट्टा काय करणार? निदान घरी होत नाही, हे आधीच मान्य करावं.

पट्ट्याची पाळी नंतर आली, कारण कण जागेवर जाऊनही तोल डळमळीतच होता. त्यातले अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप हे हालचाल टिपणारे सेन्सर शरीराचा कल मोजतात. जास्त झुकलं की कमरेशी कंप जाणवतो. मेंदूला सवय लागायची तर तोलाचे व्यायाम रोजचे हवेत, आणि मे महिन्यात 45 अंशांत रोज ऑटोनं धंतोली कोण गाठणार? पार्किंगचं तर बोलूच नका.

पण पट्टा इशारा देतो, सावरत नाही. क्लिनिकमध्ये डोळे मिटून उभं राहायचं तर फिजिओथेरपिस्ट मागे उभी असते. घरी ते काम माझं. सध्या पंधरवड्यातून एकदा क्लिनिक, बाकी दिवस स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ पट्टा.