मसाल्याचा धंदा आणि अकाउंटिंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सांगलीजवळ आमचा छोटा मसाल्याचा धंदा आहे. कांदा-लसूण मसाला, मिरची पावडर, हळद. एक कांडप मशीन, चार बायका कामाला. गेल्या जुलैत मी शनिवार-रविवारचा बेसिक अकाउंटिंगचा क्लास लावला, तीन महिन्यांचा, आणि त्यानंतर सहा महिने स्वतःची वही स्वतः लिहितेय. आता मार्चअखेर पहिल्यांदा माझ्या हातचा ताळेबंद तयार झाला म्हणून सविस्तर लिहितेय, क्लास लावावा की नाही अशा विचारात असणाऱ्या धंदेवाल्यांना उपयोग होईल.

आधी माझी पद्धत काय होती तर एक डायरी, आले किती गेले किती, आणि वर्षाच्या शेवटी बिलांची पिशवी सीए सरांकडे. ते सांगतील तो नफा आणि भरायला सांगतील तो टॅक्स. पण दरवर्षी मार्चमध्ये बँकेत पैसेच नसायचे आणि मला वाटायचं की आपण तोट्यात आहोत, दोनदा तर धंदा बंद करायचं मनात आलं होतं.

सुरुवातीचे दोन आठवडे खूप जड गेले. मुख्य घोळ जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) या शब्दांचा. आपण रोज बोलतो ना, बँकेत पैसे जमा केले, आणि पासबुकातही ते जमाच दिसतात. पण आपल्या वहीत तेच पैसे बँकेच्या खात्याला नावे पडतात! तीन दिवस हे डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी सरांनी सांगितलं, 'ताई, पासबुक ही बँकेची वही आहे, तुमची नाही. बँक तुमचं देणं लागते म्हणून त्यांच्याकडे तुम्ही जमा, आणि तुमच्या वहीत बँक नावे.' हे एक वाक्य कळल्यावर पुढचं बरंच सोपं झालं. मराठीतून शिकणाऱ्यांनी इथेच धीर सोडू नये असं मनापासून सांगेन.

क्लासमधलं न आवडलेलं पण सांगते. तिसऱ्याच आठवड्यात थेट टॅली या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर नेलं, एफ ५ म्हणजे पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस, बटणं पाठ झाली पण आत काय होतंय ते कळेना. मग मी घरी महिनाभर साध्या वहीवर रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) लिहिली, त्यावरून खतावणी केली म्हणजे नोंदी खात्यांप्रमाणे वेगळ्या केल्या, तेरीज जुळवली म्हणजे सगळ्या खात्यांची नावे-जमा बाजू सारखी येते का ते पाहिलं, आणि त्यानंतरच कॉम्प्युटरला हात लावला. टॅलीच्या मोफत शिकाऊ मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेच्याच एंट्र्या करता येतात, सरावाला पुरतं पण धंद्याची खरी वही त्यात होत नाही, म्हणून ऑक्टोबरात लायसन्स घेतलं. कॉस्टिंग तर क्लासमध्ये शिकवलंच नाही. १०० किलो मिरचीची देठं काढून, वाळवून, कांडून माझ्याकडे ८८ किलोच्या आसपास तिखट निघतं, तेव्हा किलोचा भाव कसा धरायचा हे माझं मलाच बसून काढावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. या वर्षी विक्री २१,६०,००० झाली, खरेदी १५,९०,०००, आणि मजुरी, वीज, पाऊच, भाडं, वाहतूक मिळून खर्च ४,३५,०००. डायरीच्या हिशोबाने उरले १,३५,०००, पूर्वी मी इथेच थांबले असते. पण आमची मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी लागते, नवा माल तेव्हा येतो आणि पुढे उन्हाळाभर लोक वर्षाचं तिखट करतात, त्यामुळे मार्चअखेर गोडाऊन भरलेलं असतं. वर्षाच्या सुरुवातीला माल होता १,१०,००० चा आणि शेवटी ३,४०,००० चा. शिल्लक राहिलेला माल हा खर्च झालेलाच नाही, तो धरला की नफा होतो ३,६५,०००. मी तीन वेळा परत बेरीज केली.

मग पैसे गेले कुठे? २,३०,००० वाढलेल्या मालात, ९५,००० दुकानदारांच्या वाढलेल्या उधारीत, आणि महिन्याला १६,००० प्रमाणे १,९२,००० मी घरी नेलेले, ते वहीत उचल म्हणून जातात, धंद्याचा खर्च म्हणून नाही. तिन्ही मिळून ५,१७,०००, म्हणजे नफ्यापेक्षा १,५२,००० जास्त. त्यातले १,२०,००० व्यापाऱ्याचं देणं वाढलं आणि ३२,००० ने बँकेतली शिल्लक कमी झाली. रुपयाला रुपया लागला. हे जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी मुलीला उठवून दाखवलं.

जीएसटीचं पण बरंच उलगडलं. ४० लाखांच्या आत असूनही पुण्याच्या दुकानदारांना टॅक्सचं बिल लागतं म्हणून मी नंबर घेतलाय. आधी बिलातले ५ टक्के मी विक्रीतच धरायचे, आता कळलं की ते सरकारचे, आपल्याकडे फक्त ठेवायला आलेले. पाऊचवर मी १८ टक्के भरते त्याची क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढा टॅक्स मला भरायच्या टॅक्समधून वजा होतो, पण पुरवठादाराने त्याचं रिटर्न भरलं तरच ती माझ्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत दिसते. एकाने दोन महिने भरलं नव्हतं, वही बघून मला लगेच समजलं आणि त्याला फोन केला. पूर्वी हे कळलंच नसतं.

सीए सर अजूनही लागतातच, ऑडिट आणि इन्कम टॅक्स आपण स्वतः करायच्या भानगडीत पडू नये. पण आता त्यांच्यासमोर बसल्यावर मी प्रश्न विचारते. वही लिहायला रोज संध्याकाळी वीस मिनिटं लागतात, लग्नसराईत चार दिवस राहिलं की पुढे रविवार जातो, हे आधीच सांगून ठेवते.

दुकानदारांना यावेळी मी उधारी किती दिवसांची आहे त्यानुसार यादी पाठवली, ३० दिवस, ६० दिवस, त्याच्या पुढचे. ९५,००० पैकी ४१,००० आलेत, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात फोन करायचेत.