चार लिटरचा एअर फ्रायर, फक्त चिकन विंग्जसाठी तपासलेला

एअर फ्रायरच्या खोक्यावर फ्रेंच फ्राइज छापलेले असतात, पण हे यंत्र ज्या एका पदार्थासाठी विनातक्रार घ्यावं तो म्हणजे चिकन विंग्ज. बटाट्याला, समोशाला, कटलेटला बाहेरून तेल लावावं लागतं. विंग्जच्या कातडीखाली चरबी असतेच. ती वितळते, कातडी त्याच चरबीत भाजली जाते आणि जास्तीची चरबी जाळीतून खाली गळते. म्हणून ४ ते ४.५ लिटरचा, १४०० ते १५०० वॅटचा, ड्रॉवरसारखी टोपली असलेला जो प्रकार आपल्याकडे साधारण ४ ते ८ हजारांत मिळतो, त्याचं हे मोजमाप विंग्जपुरतंच आहे. भजी-वड्यांसाठी तो घेणार असाल तर निराश व्हाल. ओलं पीठ जाळीतून गळतं आणि उरलेलं पंख्याच्या वाऱ्याने एका बाजूला वाळतं.

आधी हे लक्षात घ्यावं की आत काहीही तळलं जात नाही. वर कॉइल, कॉइलवर पंखा, खाली भोकं पाडलेली टोपली, एवढंच. फिलिप्सने २०१० मध्ये हे यंत्र बाजारात आणलं तेव्हा नावातच ‘फ्रायर’ होतं आणि ते चिकटलं. प्रत्यक्षात हा छोटा, जोरकस वाऱ्याचा ओव्हन आहे. वारा वरून येतो, तुकड्यांच्या फटींतून खाली जातो आणि परत वर खेचला जातो. या फेऱ्यात अडथळा आला की कातडी वातड होते. विंग्ज बिघडण्याची बहुतेक कारणं इथेच सापडतात.

त्यामुळे विकत घेताना लिटर बघू नका, टोपलीचा तळ मोजा. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टोपलीचा तळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरतो, २० बाय २० च्या चौकोनी टोपलीचा ४००. खोक्यावर दोन्हींवर ‘४ लिटर’ लिहिलेलं असू शकतं, कारण गोल टोपली खोल असते. विंग्जना खोली नको, एकच थर हवा. चौकोनी टोपलीत अर्धा किलो विंग्ज सुटसुटीत बसतात, गोल टोपलीत तेवढ्यालाच दाटी होते. दुसरी गोष्ट, तळाची भोकं पाडलेली ताटली सुटी निघते का हे दुकानातच बघा. जाळीदार तारेची टोपली हवेला चांगली, पण तिच्यात अडकलेली जळकी चरबी काढणं हे वेगळंच काम. डिजिटल पॅनेल असो की गोल बटण, विंग्जना फरक पडत नाही. बटणवाल्यात दाखवलेलं तापमान आणि आतलं तापमान यांत १०–१५ अंशांची तफावत असू शकते, तेव्हा पहिल्या खेपेला वेळेपेक्षा रंगावर भरवसा ठेवावा. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर न लावता १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. मागे वीतभर मोकळी जागा ठेवा, गरम हवा तिकडूनच बाहेर पडते.

आता मालाकडे. चिकनच्या दुकानात न सांगता विंग्ज मागितले तर अर्धी कातडी सोलूनच मिळते, कारण आपल्याकडची रश्श्याची सवय सोललेल्या कोंबडीची. ‘विंग्ज, स्किनसकट’ असं आधीच सांगायचं आणि वजन करण्याआधी बघून घ्यायचं. कातडी नसेल तर ही पूर्ण पद्धत सोडून द्यावी. सोललेले विंग्ज एअर फ्रायरमध्ये फक्त सुकतात. पूर्ण पंखाचे सांध्यावर दोन तुकडे करायचे, छोटं टोक कापून सूपसाठी ठेवायचं. सांधा बोटाने चाचपून सुरी बरोबर फटीत घातली तर हाड फुटत नाही. फुटलेल्या हाडाच्या कपच्या मांसात रुततात, हे दुकानात घाईने कोयत्याने केलेल्या तुकड्यांत हमखास होतं.

कुरकुरीतपणाचा निकाल यंत्र सुरू होण्याआधीच लागलेला असतो. कातडीवर पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि तांबूस व्हायला त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. म्हणजे ओले विंग्ज आत टाकले की पहिली दहा मिनिटं यंत्र नुसतं पाणी उडवत बसतं. धुतले असतील तर नीट निथळून, कागदी रुमालाने प्रत्येक तुकडा दाबून टिपायचा. मग अर्ध्या किलोला पाऊण टीस्पून मीठ, अर्धा टीस्पून मिरपूड, पाव टीस्पून हळद आणि १ टीस्पून बेकिंग पावडर चोळून, ताटात जाळी ठेवून त्यावर उघडेच फ्रिजमध्ये ठेवायचे. खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे थेंब पडला तरी भाजीवर पडणार नाही. किमान दोन तास, रात्रभर ठेवले तर फारच उत्तम. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते, तिथे हे लवकर होतं. बर्फ धरणाऱ्या जुन्या फ्रिजमध्ये रात्रभर लागेलच. (घरात गुरुवार-शनिवार पाळणारं कुणी असेल तर उघडं चिकन फ्रिजमध्ये ठेवण्याचा वार आधी ठरवून घ्या.)

बेकिंग पावडरीने कातडीचा आम्लपणा कमी होतो, त्यामुळे ती लवकर तांबूस होते आणि वर बारीक बुडबुड्यांचा खरखरीत थर येतो. बेकिंग सोडा तिच्याऐवजी चालत नाही; तो बराच तीव्र असतो आणि साबणासारखी चव येते. पावडरीच्या डब्यावरचे घटकही वाचा. ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या पावडरीची धातूसारखी चव जिभेवर राहते. पावडर नको असेल तर १ टेबलस्पून तांदळाचं पीठ भुरभुरवून चोळा, कवच जरा कडक येतं. बेसन नको, कच्चट राहतं. कॉर्नफ्लोअर चालेल पण पातळ थर हवा, नाहीतर पांढरे डाग तसेच राहतात.

दही, आलं-लसूण वाटण, लिंबू यांत मुरवलेले विंग्ज चवीला छानच लागतात, पण ते तंदुरी विंग्ज. कुरकुरीत होणार नाहीत. दोन्ही एकाच टोपलीत मागू नये.

यंत्र रिकामं ३–४ मिनिटं तापवून घ्या. खालच्या ड्रॉवरमध्ये २ टेबलस्पून पाणी ओता, नाहीतर गळालेली चरबी तापून धूर होतो आणि स्वयंपाकघरभर जळका वास पसरतो. तुकड्यांना तेल लावायची गरज नाही. टोपली नवी नसेल तर तळाला तेलाचा हात पुसा. दाबाच्या डब्यातला तेलाचा फवारा मारू नका, त्यातल्या घटकांचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि पुढे निघत नाही. कागदी लायनर तर विंग्जसाठी अजिबात नको: खालून हवा बंद होते आणि तुकडे स्वतःच्या चरबीत शिजत राहतात.

१८० अंशांवर १२ मिनिटं. या टप्प्यात चरबी वितळते, रंग फिकाच राहतो, घाबरू नका. चिमट्याने प्रत्येक तुकडा उलटा. टोपली नुसती हलवून भागत नाही, चपटे तुकडे जिथल्या तिथे घसरतात. मग २०० अंशांवर ८ ते १० मिनिटं. पहिल्यापासून २०० वर लावण्याचा मोह होतो, पण मग बाहेरून रंग आधी येतो, आत चरबीचा मऊ थर तसाच उरतो आणि कातडी पाच मिनिटांत मऊ पडते. थर्मामीटर असेल तर हाडाला न लावता मांसात खुपसून बघा. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित झालं, पण विंग्जची खरी मजा ८५ ते ९० ला. सांध्याजवळची चिवट उती तेव्हाच विरघळते आणि मांस हाडावरून सुटतं. कापल्यावर हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून लगेच कच्चं समजू नये. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातल्या मज्जेचा रंग शिजल्यावरही मांसात उतरलेला दिसतो.

तिखटाचा प्रश्न इथे येतो आणि इथेच सगळ्यात जास्त विंग्ज वाया जातात. लाल तिखट, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला आधी चोळून २०० अंशांच्या वाऱ्यात ठेवला की तो काळवंडतो आणि कडू होतो. कांदा-लसूण मसाल्यात कांदा-खोबरं असल्याने तो आणखी लवकर करपतो. अमेरिकेत बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये १९६४ साली ज्या विंग्ज सुरू झाल्या, त्याही साध्याच तळून मग लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवलेल्या. तोच क्रम धरा. ३० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवा, चार लसूण पाकळ्या बारीक चिरून अर्धा मिनिट परता, गॅस बंद करून दीड टीस्पून काश्मिरी मिरची पूड, अर्धा टीस्पून झणझणीत तिखट, १ टेबलस्पून व्हिनेगर आणि सुपारीएवढा गूळ घाला. काश्मिरीऐवजी बेडगी चालते. नुसतं लवंगी तिखट वापरलं तर रंगाआधी डोळ्यांत पाणी येईल. गोव्याचा रेशाद मसाला घरात असेल तर त्याचे दोन चमचे लोण्यात परतले की वेगळं व्हिनेगर लागत नाही.

घोळवायचं ते वाढतानाच. सॉसमध्ये पाणी आहे, थोड्याच वेळात कवच मऊ पडायला लागतं. पाहुणे रेंगाळत असतील तर विंग्ज कोरडेच जाळीवर ठेवा आणि १ चमचा गरम तुपात कालवलेला कांदा-लसूण मसाला वरून चोळा. हा प्रकार जास्त टिकतो. एकावर एक रचून झाकण मात्र ठेवू नका.

कढईशी तुलना करायची तर रंगात आणि कातडीच्या खुसखुशीतपणात एअर फ्रायर मागे पडत नाही. मैदा-अंड्याच्या जाड कवचाच्या, दुकानी पद्धतीच्या विंग्जमध्ये मात्र तो हरतो. तिथे पिठाला चहूबाजूंनी गरम तेलच लागतं. वेळही कमी लागत नाही: कढईत दहा मिनिटांत होणारा घाणा इथे तापवण्यासकट पंचवीस मिनिटं घेतो. वीज फार जात नाही. पूर्ण वेळ कॉइल चालू राहिली तरी २५ मिनिटांना ०.६ युनिटच्या आसपास, आणि प्रत्यक्षात ती मध्ये मध्ये बंद होत असल्याने त्याहून कमी.

धुताना टोपली गरम असतानाच गरम पाणी आणि भांड्याच्या साबणात १५ मिनिटं भिजत ठेवा, मग मऊ स्पंज. तारेची घासणी लावली की कोटिंग सुटायला लागतं. वरच्या कॉइलवर चरबीचे शिंतोडे उडालेले असतात आणि ते कुणी पुसत नाही. पुढच्या खेपेला केक केला तर त्याला चिकनचा वास येतो तो तिथूनच. यंत्र गार झाल्यावर उलटं करून ओल्या फडक्याने पुसा.

दोघा-तिघांच्या घरासाठी हा आकार पुरतो. सहा जणांना एकदम वाढायचं असेल तर चार लिटरच्या यंत्रात तीन घाणे काढावे लागतील आणि पहिला घाणा तोवर गार होईल. अशा घरात पंखा असलेला मोठा ओटीजी घ्या, जाळीवर एका थरात पसरा, खाली ट्रे ठेवा आणि २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं द्या.