हार्ड डिस्क उघडलीच नाही, बिल मात्र हेड बदलल्याचं

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली असेल आणि तुम्ही ती दुरुस्तीला द्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात ‘डेटा रिकव्हरी’च्या नावाखाली माझ्याकडून १०,००० रुपये उकळले गेले. डिस्कमध्ये आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई आता नाही.

डिस्क साडेतीन इंची, डेस्कटॉपची. अजिबात आवाज नाही, हातात धरली तरी जराही थरथर नाही. ती जोडलेली असली की पॉवरचं बटण दाबल्यावर पंखा जेमतेम हलून थांबायचा. डिस्कची वायर काढली की कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू. केबल बदलून पाहिली, तरी तेच. हे सगळं मी दुकानात आल्या आल्या सांगितलं. जाणकार माणसाला एवढ्यावरून दुखणं कळतं, आणि दुकानदारालाही ते कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तो म्हणाला, “मोटर जाम आहे ताई. क्लीन रूममध्ये उघडून हेड बदलावे लागतील.” क्लीन रूम म्हणजे धूळमुक्त खोली, आणि हेड म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या चकत्यांवरून, म्हणजे प्लॅटरवरून, डेटा वाचणारे भाग. ४,००० ॲडव्हान्स घेतला. काही दिवसांनी फोन आला: हेड बदलले, डिस्क फिरतेय, पण प्लॅटरवर ओरखडे आहेत, आणखी १४,००० लागतील. दुकानात त्याने डिस्क लावून दाखवली. खरंच फिरत होती, टक टक वाजत होती, स्क्रीनवर मात्र दिसत नव्हती. मी डिस्क परत मागितली तर म्हणे हेडचे ६,००० भरल्याशिवाय मिळणार नाही. भरले. पण बिलावर ‘हेड रिप्लेसमेंट’ असं लिहून घेतलं.

त्याच रस्त्यावर बोर्डांचं सोल्डरिंग करणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांनी डिस्क लावलीसुद्धा नाही. भिंग घेऊन वरचं स्टिकर कडेकडेने न्याहाळलं, बोटाने दाबून पाहिलं. झाकणाचे काही स्क्रू त्या स्टिकरच्या खाली असतात. स्टिकर फाडल्याशिवाय, निदान भोक पाडल्याशिवाय झाकण निघूच शकत नाही. आमचं स्टिकर अखंड होतं. “हेड बदलले म्हणतात ना? मग ही उघडली कुठून?” काका म्हणाले.

मग त्यांनी डिस्क उलटी केली. दुकानात देण्याआधी मी खालच्या हिरव्या बोर्डाचा फोटो काढला होता. त्यावरचा नंबर आणि समोरच्या बोर्डावरचा नंबर वेगळा! या डिस्कच्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी रॉम चिप असते, तिच्यात त्याच डिस्कच्या हेडची जुळणी साठवलेली असते. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला तर मोटर फिरते, पण हेडला वाट सापडत नाही आणि डिस्क टकटकत राहते. मला दाखवलेले ‘ओरखडे’ ते हेच.

आपला बोर्ड मागायला गेले तर “कचऱ्यात गेला” म्हणाला. फोटो आणि बिल समोर ठेवून पोलिसांत जाते म्हटल्यावर तोच बोर्ड ड्रॉवरमधून निघाला.

काकांनी मल्टिमीटर लावला. पॉवर कनेक्टरजवळ, १२ व्होल्टच्या लाइनवर एक काळा चौकोनी डायोड असतो. जास्तीचा व्होल्टेज आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. मीटर सलग वाजला, म्हणजे डायोड शॉर्ट झालेला होता, आणि त्यामुळेच डिस्क जोडली की कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. तो डायोड काढून टाकला आणि बोर्ड जागेवर बसवला, तशी डिस्क फिरली आणि फोल्डर दिसायला लागले. आता डिस्कला त्या लाइनवर संरक्षण उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी चांगल्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) लावून आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. घेतले ८०० रुपये.

प्रत्येक गप्प डिस्क इतकी सोपी नसते. पॉवर दिल्यावर बारीक गूं गूं असा आवाज येऊन थांबत असेल, तर हेड प्लॅटरला चिकटलेले किंवा बेअरिंग अडकलेलं असू शकतं, आणि तेव्हा खरोखरच धूळमुक्त खोलीत उघडावी लागते. म्हणूनच ‘मोटर जाम’ हे वाक्य ग्राहकाला पटतं. डायोड तपासायला मात्र दोन मिनिटं पुरतात, आणि तेही तुमच्या डोळ्यांसमोर. तो तपासण्याआधीच कुणी क्लीन रूमची भाषा करत असेल तर डिस्क उचला आणि निघा. देण्याआधी स्टिकर, सीरियल नंबर आणि बोर्ड, तिन्हींचे जवळून फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने ॲडव्हान्सचे ४,००० परत केले. ‘हेड’चे ६,००० द्यायला तो तयार नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातेय. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. बिल आहे, फोटो आहेत, काकांनी काय सापडलं ते लेखी दिलंय. डिस्कही तशीच ठेवलीय, स्टिकरला कुणाचं नखही लागू दिलेलं नाही.