पुणे ते गुहागर, भाड्याच्या एर्टिगाने: मालकाला पाच स्टार, ॲपला दोन

आधी स्टार सांगून टाकते. गाडीला चार, मालकाला पाच, ॲपला दोन, आणि ते दोनही बुकिंग पटकन झालं म्हणून, नाहीतर एकच दिला असता.

तर हे ते ॲप ज्यावर लोक आपली घरची गाडी लावतात आणि आपण सेल्फ ड्राइव्ह घेऊन जातो. नाव लिहीत नाही कारण असली सगळीच ॲपं साधारण एकाच वळणावर गेलीयेत. आम्हाला सात सीटर हवी होती, सासूसासरे, नणंद, पोरं आणि त्यांचं ते बालवाडी हलवल्यासारखं सामान, म्हणून एर्टिगा घेतली, पेट्रोल. सीएनजीवाली मुद्दाम टाळली, मागे टाकी असली की डिकीत काय ठेवणार, डबे?

गाडी पाच वर्षं उलटलेली पण नीट ठेवलेली. एसी मागेपर्यंत गार, सस्पेन्शनला आवाज नाही, पुढचे दोन टायर नवे, मागचे थोडे घासलेले पण चालतील असे. टायरच्या खाचांमध्ये मधेमधे छोटे उंचवटे असतात ते बघायचे, रबर घासत घासत त्यांच्या लेव्हलला आलं म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरवर आली आणि त्याखाली गाडी चालवणं कायद्यानेही बाद. घाटात पावसात असल्या टायरवर ब्रेक मारायची वेळ येऊ नये कुणावर. इथे तसं काही नव्हतं. एक स्टार कापला तो ड्रायव्हर सीटचा, फोम एका बाजूला इतका बसलाय की पाटणपर्यंत माझ्या नवऱ्याची कंबर धरली.

आता मुद्द्याचं. उंब्रजवरून आत वळून कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, इथपर्यंत सगळं छान. गुहागरच्या आसपास आतल्या गावात जायचे रस्ते कसे आहेत माहितीये ना, समोरून एसटी आली की तुम्ही डाव्या अंगाला शिरायचं, दुसरा पर्यायच नाही, एसटी काय मागे जाणार नाही तुमच्यासाठी. आणि डाव्या अंगाला करवंदाच्या जाळ्या. घरी येऊन गाडी धुतली तेव्हा डावीकडच्या दोन्ही दारांवर बारीक बारीक रेघा, लांबून दिसत नाहीत, उन्हात तिरकं बघितलं की दिसतात.

गाडी परत द्यायला गेलो तर मालक आमच्यासारखाच ईएमआयवाला माणूस, खराडीला आयटीत, मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती फिरला. मी स्वतःच दाखवलं, म्हटलं दादा हे करवंदाचं काम आहे. त्याने काय केलं, अंगठ्याचं नख त्या रेघांवरून आडवं फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. म्हणाला, "ताई, वरच्या लॅकरलाच लागलंय, रबिंग पॉलिशमध्ये जाईल, सोडा." रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो त्याच्यापुरताच ओरखडा असला तर नख सरळ सरकतं, खालच्या रंगात किंवा प्रायमरमध्ये गेला असेल तर नख अडकतं, मग तिथे पॉलिश कितीही मारा काही होत नाही, पॅनल रंगवावंच लागतं. मागच्या बंपरच्या काठावर पण बॅगा ओढून ओढून घासलेलं होतं, त्यावर तर तो हसलाच, सात सीटर आहे, बॅगा तिथूनच जाणार ना.

इतकं सगळं गोडीगुलाबीत झालं, चहा पण झाला, आणि रात्री ॲपचा मेसेज. फोटोंवरून नुकसान आढळलं, दोन दारं रंगवणे आणि मागचा बंपर बदलणे, इतकी रक्कम डिपॉझिटमधून कापण्यात येईल. बदलणे! घासलेला बंपर बदलणे! मालकाला फोन केला तर त्यालाच माहीत नाही, त्याने फक्त ॲप सांगतं म्हणून फोटो टाकलेले.

ॲपच्या नियमांत एक ओळ आहे, सामान्य वापरातली झीज ग्राहकाकडून वसूल केली जाणार नाही. बरं. पण सामान्य म्हणजे किती? चरा किती लांब चालेल, पोचा किती मोठा चालेल, एका पॅनलवर किती चालतील, काहीही नाही. इंग्लंडमध्ये लीजच्या गाड्या परत घेताना तिथल्या भाडेगाडीवाल्यांच्या संघटनेची चक्क मापं ठरलेली आहेत, 25 मिलिमीटरपर्यंतचा चरा, आतलं प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल तर, झीज म्हणून माफ. असं माप इथे छापायला काय जातं? पट्टी लावा, फोटो काढा, विषय संपला. पण माप छापलं तर मग कापाकापी कशी करणार.

मी ॲपवाल्यांना मेलमध्ये जे लिहिलं ते इथेही लिहिते, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. आपल्याकडे झिजेचा हिशेब कुणीच केलेला नाही असं अजिबात नाही, विमावाले कधीपासून करतायत. साध्या मोटर पॉलिसीत क्लेम करताना प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर सरळ 50 टक्के घसारा कापतात, बंपर त्यातच येतो, नवीन गाडीचा असला तरी. पत्र्याच्या पार्टचं गाडीच्या वयावर, पहिले सहा महिने काही नाही, मग वाढत वाढत पाच वर्षांनंतर 40 टक्के. (झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याचे तुम्ही जास्त पैसे भरलेले असतात.) म्हणजे खुद्द मालकाची गाडी त्याच्याच हातून ठोकली गेली असती तर विमा कंपनीने पण नव्या बंपरचे पूर्ण पैसे दिले नसते, आणि हे ॲप माझ्याकडून नव्याचे पूर्ण मागतंय, पाच वर्षं घासून झालेल्या बंपरचे. बंपर खरंच फुटला असता तरी अर्धेच बनतात माझ्याकडून. आणि नुसती झीज तर कुठल्याच पॉलिसीत धरत नाहीत, कारण ती होणारच असते. रोजचं जे भाडं मी भरलं ते कशाचं भरलं मग? सीटवर बसायचं, टायर थोडे घासायचे, डिकीतून बॅगा काढायच्या, त्याचंच की.

मालकांची बाजू पण आहे आणि ती मला पटते. बाहेरचे ओरखडे फोटोत येतात पण खरं नुकसान फोटोत येतच नाही. कुंभार्लीसारख्या घाटात कुणी अर्धा क्लच दाबून चढवत नेली की क्लच प्लेट जळते, वास येतो, पण त्या दिवशी गाडी चालते आणि बंद पडते तिसऱ्या-चौथ्या भाडेकऱ्याकडे, मग हाती सापडला तो चोर. आमच्या मालकाने त्याच्यावर हे असं होऊन गेल्याचं सांगितलं, त्याने शेवटच्या माणसाकडून काही घेतलं नाही, स्वतःच भरले, कारण म्हणाला आधीचे निम्मे किलोमीटर तर मीच चालवलेत. अशी माणसं बोटावर मोजण्याइतकीच. वाळूचं पण तसंच, मॅट झटकून दिलेल्या गाडीतही सीटच्या पटरीत वाळू राहते, ती समुद्रावर जाणाऱ्याने धरून चालायची. पण सुके बोंबील कागदात गुंडाळून डिकीत आणणारे लोक आहेत म्हणे, त्यांच्याकडून क्लीनिंगचे पैसे जरूर घ्या, तो वास म्हणजे झीज नव्हे.

अजून एक गोष्ट जी ॲपवर ठळक लिहीत नाहीत. गाडीची नंबरची पाटी पांढरी होती, म्हणजे खासगी गाडीची. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला खरं तर काळी पाटी पिवळी अक्षरं लागतात, आणि त्यासाठीची केंद्राची रेंट अ कॅब योजना 1989 ची आहे, त्यात गाड्या भाड्याने द्यायच्या लायसन्सला किमान 50 गाड्या मागितल्यात, म्हणजे एक गाडी असलेल्या माणसाला तो रस्ताच नाही. गोव्यात पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने दिल्या म्हणून धरतात ते यामुळेच. आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने द्यायचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे मोठं काही झालं तर मालकाचा विमा हात वर करू शकतो. ॲप म्हणतं आमचं संरक्षण आहे, ते नक्की काय आहे, थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर ते, कोण भरणार, हे बुकिंगआधी लेखी विचारा. मी विचारलं नंतर, उत्तर आलं ते तयार छापील.

शेवटी मालकाने स्वतः ॲपला कळवलं की माझी काही तक्रार नाही, तेव्हा कुठे डिपॉझिट सुटलं, तेही "सद्भावना म्हणून". कसली सद्भावना, माझेच पैसे!

घेणार असाल तर रिव्ह्यूमध्ये गाडीपेक्षा मालकाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. घ्यायच्या वेळी व्हिडिओ काढालच, पण नुकतीच धुतलेली ओली गाडी असेल तर पुसून मग काढा, ओल्या रंगावर बारीक ओरखडे दिसत नाहीत, वाळल्यावर सगळे वर येतात. आणि टपाचा पण काढा, कॅरियर बांधून फिरवलेल्या गाडीच्या टपावर काय काय असतं ते खालून कळत नाही.