हाड झिजलेल्या जबड्यावर इम्प्लांट : उपचार घेतल्यानंतरचे मत

वरच्या उजव्या दाढा काढून ११ वर्षे झाली होती, आणि दोन दंतवैद्यांनी ‘हाडच उरलेले नाही, कवळी वापरा’ असे सांगितले होते. ज्या चिकित्सालयात अखेर इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर चढवलेला कृत्रिम दात) बसले, तेथे पहिल्याच भेटीत सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) झाला आणि डॉक्टरांनी पडद्यावर रेषा ओढून दाखवले, की सायनसच्या (वरच्या दाढांवर, गालाच्या आत असलेल्या हवेच्या पोकळीच्या) तळाखाली जेमतेम ३ मिलिमीटर हाड शिल्लक आहे. दात गेला की चावण्याचा ताण हाडाला मिळत नाही, ते झिजत जाते, आणि वरच्या दाढांच्या जागी सायनसची पोकळीही खाली सरकते, हे इतक्या स्पष्टपणे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

यावर उपाय म्हणून सायनस लिफ्ट ही शस्त्रक्रिया ठरली. तीत हाडाला बाजूने लहानशी खिडकी पाडून आतले पातळ अस्तर अलगद वर उचलतात आणि त्याखाली झालेल्या पोकळीत ग्राफ्टचे, म्हणजे हाडाची भर घालणाऱ्या पदार्थाचे, दाणे भरतात. हे पांढुरके, जाडसर वाळूसारखे दाणे मला आधी बशीत दाखवले. ते गाईच्या हाडापासून तयार होतात हे सांगून कृत्रिम पर्यायही पुढे ठेवला आणि निवड माझ्यावर सोडली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण अनेक रुग्णांना आपल्या जबड्यात काय भरले आहे हेच ठाऊक नसते.

त्यानंतर ६ महिने थांबावे लागले. मी घाई केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “दाणे म्हणजे नुसती परांची आहे, हाड तुमच्या शरीरानेच बांधायचे आहे.” दुसऱ्या स्कॅनमध्ये उंची ११ मिलिमीटर भरली, तेव्हाच टायटॅनियमचा स्क्रू बसवला, आणि तो हाडाशी एकजीव होण्यासाठी आणखी ४ महिने दिल्यावरच त्यावर कृत्रिम दात चढवला.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवा, अशा सूचनांचा कागद मिळाला. मात्र जखमेवर दाब येऊ नये म्हणून जुनी काढता येणारी कवळी दोन आठवडे लावता येणार नाही, हे शस्त्रक्रियेनंतर खुर्चीतून उठताना कळले. कामावर जाणाऱ्या माणसाला ते आधीच कळायला हवे होते. मी तसे लेखी कळवले आहे. डाव्या बाजूचे कामही येथेच करून घेणार आहे. त्या वेळी मात्र कवळीचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारीन.