आरव्हीचा गीझर: टँकलेस सोडून पुन्हा टाकीवालाच घेतला, त्याचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. आमच्या आरव्हीचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरचा वॉटर हीटर बदलायची वेळ आली तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने ‘टँकलेस घे’ (टाकी नसलेला, वाहतं पाणी तापवणारा) म्हणून डोकं खाल्लं. मी मात्र होता तसाच 6 गॅलनी (सुमारे 23 लिटर) टाकीवाला, सबर्बन कंपनीचा एसडब्ल्यू6डीई घेतला; तो गॅसवरही चालतो आणि विजेवरही. गेला अख्खा उन्हाळा वापरला, थंडीत रिकामा करून ठेवला आणि यंदा पुन्हा सुरू केलाय. उद्या परत घ्यायचा झाला तरी हाच घेईन. सगळ्यांनी घ्यावा असं मात्र नाही.

जुनाही सबर्बनच होता आणि तो गेला यात कंपनीचा दोष नाही. ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतलेला. या टाक्या स्टीलच्या असतात, आतून पोर्सिलेनचा मुलामा. पाणी स्टीलला खाऊ नये म्हणून आत मॅग्नेशियमचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. आधी तो झिजतो. तो संपला की टाकीची पाळी. आमच्या जुन्या टाकीतून रॉड काढला तर हातात नुसती तार आली. अ‍ॅटवूड कंपनीच्या टाकीत ही भानगडच नाही, ती अ‍ॅल्युमिनियमची. पण तिला भिंतीत भोक आडवं जास्त रुंद लागतं, म्हणजे ट्रेलरची भिंत कापणं आलं. आमचं भोक सबर्बनच्या मापाचं, सुमारे पावणेतेरा इंचाचं चौकोनी. नवा सरळ आत सरकला. बाहेरचा दरवाजा वेगळा विकत घ्यावा लागतो, पण आम्ही जुनाच लावला.

आता टँकलेसचं. कागदावर प्रकरण झकास आहे. 60,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) बर्नर मिनिटाला दीड गॅलन पाणी साधारण 60 अंश फॅरनहाइटने तापवतो, थांबायचं नाव नाही. आमच्या टाकीचा बर्नर 12,000 बीटीयूचा. पण आम्ही राहतो अमेरिकेत डेन्व्हरला आणि जातो रॉकी माउंटन नॅशनल पार्कात. तिथल्या कॅम्पग्राउंडवर ना विजेचं हूकअप (जोडणी) ना पाण्याचं. ट्रेलरच्या टाकीत 40 गॅलन पाणी, तेच स्वयंपाकाला, भांड्यांना आणि अंघोळीला. सांडपाण्याची टाकी तर त्याहून लहान. जिथे पाणीच मोजून वापरायचं तिथे ‘कधीच न संपणारं गरम पाणी’ घेऊन करायचं काय?

शिवाय अंघोळीची पद्धत बघा. अंग ओलं केलं, नळ बंद, साबण, नळ चालू. टँकलेसमध्ये नळ बंद झाला की ज्योत विझते. परत सोडला की आधी पाईपमधलं उरलेलं गरम, मग गारेगार, मग पुन्हा गरम. धार बारीक ठेवली तर काही मॉडेल पेटतच नाहीत. ट्रुमा कंपनीच्या टँकलेस अ‍ॅक्वागोने यावर चांगला तोडगा काढलाय, पण आमच्या वापराला ती किंमत पटेना.

आणि आमच्याकडे आई होती. पुण्याहून उन्हाळ्यात आली की तिला शॉवर चालत नाही, बादली-तांब्याच हवा. ट्रेलरच्या त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये ती बादली मांडून बसते. गरम पाणी काढायचं, वर विसण घालायचं. 130 अंश फॅरनहाइट, म्हणजे 54 सेल्सियसचं 6 गॅलन पाणी विसण घालून पावणेदोन बादल्या होतं. आईची अंघोळ होऊन केस पुसेपर्यंत पुढच्याची टाकी तयार. गॅसवर गार टाकी तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, विजेवर पाऊण तास. दोन्ही एकदम लावलं तर पंधराएक मिनिटांत काम होतं.

विजेची सोय मला फार आवडली. हूकअप असलेल्या जागी गॅस वाचतो. पण एलिमेंट 1,440 वॅटचा, म्हणजे 12 अँपिअर त्यानेच खाल्ले. 30 अँपिअरच्या जोडणीवर एसी चालू असताना गीझर लावला आणि वर इन्स्टंट पॉटमध्ये वरणभाताचा कुकर लावला की ब्रेकर उडालाच म्हणून समजा. आमच्याकडे आता नियम आहे: भात चढला की गीझर बंद. टाकी रिकामी असताना विजेचं बटण चुकूनही दाबू नका. एलिमेंट जळायला वेळ लागत नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात. एका डीलरने मजुरीचा आकडा असा सांगितला की नवऱ्याने आणि मी शनिवार-रविवार काढून घरीच केलं. कडेला ब्यूटाइल टेप (फटी बुजवायची चिकट पट्टी) सढळ हाताने लावा. गॅसच्या फ्लेअर जोडाला (पाईपचं तोंड पसरवून केलेला जोड) टेफ्लॉन टेप लावायची नसते. जोड आवळून झाला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गॅसच्या कामाचा हात नसेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवा.

ऑक्टोबरात पाणी काढताना रॉड बाहेर काढला. उन्हाळ्यात आम्ही युटाच्या बाजूलाही गेलो होतो, तिथलं पाणी जड. रॉड कुरतडलेल्या उसासारखा झाला होता, आणि भोकातून पांढरा चुरा धो धो बाहेर. तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा असतो. आमचा निम्म्यावर होता, तरी बदलला. रॉड काढायला सव्वा इंची नव्हे, 1 1/16 इंची सॉकेट लागतो आणि लांब दांडा. आणि गरम टाकीवर, प्रेशर असताना रॉडचा बोल्ट कधीही उघडू नका. मॅग्नेशियमच्या रॉडमुळे काही ठिकाणच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तसं झालं तर अ‍ॅल्युमिनियमचा टाका.

कटकट एकच: तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं. टाकीच्या वरच्या भागातली हवेची पोकळी भरून गेली की असं होतं. गीझर आणि पाणी बंद करायचं, पाणी गार होऊ द्यायचं, गरम नळ सोडायचा आणि वाहणं थांबेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. काही आठवडे शांतता, मग पुन्हा तेच.

वर्षभर ट्रेलरमध्येच राहणारी मंडळी, फुल हूकअपवर, घरात दोन टीनएजर आणि सकाळी एकामागून एक शॉवर घेणारे, त्यांना मी हा घ्या म्हणणार नाही. त्यांनी खुशाल टँकलेस घ्यावा, नाहीतर 10 गॅलनचा. फक्त 10 गॅलन पाण्याचंच वजन 83 पौंड होतं, तेवढं ट्रेलरच्या त्या बाजूला झेपतंय का ते आधी बघा.