घरी मिळून सिनेमा बघायला: ५५ इंची टीव्ही की प्रोजेक्टर?

पाच-सहा जणांनी शनिवारी दुपारी जमायचं, अंगात आळस ठेवून दोन सिनेमे बघायचे आणि मधल्या चहावर त्यांच्याबद्दल भांडायचं. यासाठी घरात काय असावं, असं दुकानात विचारलं की उत्तर इंचांत मिळतं. टीव्ही ५५ इंची, प्रोजेक्टरचं चित्र १०० इंची, मग मोठंच का नको? पण इंच ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी दोन गोष्टी ठरवा: सिनेमा दिवसा बघणार की रात्री, आणि बघता बघता बोलणार की संपल्यावर. निम्मा निर्णय तिथेच होतो.

उजेड

टीव्हीतला काळा रंग पडदा स्वतः तयार करतो. प्रोजेक्टरला काळा प्रकाश पाडता येत नाही. चित्रातला जो भाग काळा आहे तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, म्हणजे भिंत आहे तशी दिसते. दुपारी ३ वाजता हॉलमधली भिंत राखाडी दिसत असेल, तर रात्रीच्या प्रसंगातलं आकाश, बोळ, काळा कोट, केस सगळं तेवढंच राखाडी दिसणार. प्रोजेक्टर कितीही महाग असला तरी हे चुकत नाही.

आता हिशोब. इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. १०० इंची चित्र म्हणजे साधारण २.२१ मीटर रुंद आणि १.२४ मीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. पूर्ण अंधारात थिएटरच्या जवळपास जाणारा उजळपणा हवा असेल, तर खरे ५०० एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला प्रकाश) पुरतात. ८० इंचांवर समाधान मानलं तर ३०० मध्ये भागतं. अंधार नसेल तर हे आकडे कित्येक पटींनी वाढतात, आणि तरीही काळा रंग परत येत नाही. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यापुढे ‘एएनएसआय’ हा शब्द नसेल तर तो आकडा धरूच नका. ‘१०८०पी सपोर्टेड’ याचंही तसंच. त्याचा अर्थ एवढाच की ते यंत्र तसा व्हिडिओ स्वीकारतं. दाखवतं किती, हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या ओळीत लिहिलेलं असतं आणि तिथे अनेकदा १२८० बाय ७२० ठिपके (म्हणजे ७२०पी) किंवा त्याहून कमी सापडतं.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. शनिवारी दुपारी पडदे ओढा, दिवे बंद करा आणि वर्तमानपत्र उघडा. बारीक टाइप वाचता येत असेल तर त्या खोलीत दिवसा प्रोजेक्टर चालणार नाही. गडद अस्तराचे पडदे लावता येतात, पण उजेड येतो तो पडद्याच्या दांडीच्या वरून, गॅलरीच्या सरकत्या दरवाजाच्या फटीतून आणि स्वयंपाकघरातून. या तिन्ही वाटा बंद झाल्याशिवाय पडद्यांवर खर्च करू नका. शिवाय मे महिन्यात सगळं बंद करून सहा माणसं बसली की खोली तापते, हेही धरा.

टीव्हीला उजेडाचा त्रास होतो तो प्रतिबिंबाचा. पडद्यात समोरची खिडकी दिसते. खिडकीच्या काटकोनात टीव्ही लावला की बहुतेक प्रश्न मिटतो. रात्री मात्र पूर्ण अंधारात टीव्ही बघू नका, डोळे लवकर थकतात. टीव्हीच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद पांढरा दिवा ठेवला की डोळ्यांना आराम मिळतो आणि काळा रंगही गडद वाटतो.

हॉलमध्ये बसतं का?

१० बाय १४ फुटांचा हॉल धरू. ५५ इंची टीव्हीचा पडदा १२२ सेंटिमीटर रुंद असतो. सिनेमात बुडून जायचं तर त्याच्यापासून साडेपाच ते साडेसात फुटांवर बसावं लागतं. आपल्याकडे सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला असतो, म्हणजे नऊ-दहा फूट लांब. तिथून ५५ इंच लहानच वाटतात. त्या अंतरावर खरं तर ७५ इंच हवेत. पण नवा टीव्ही घेण्याआधी गादी पुढे ओढून बघा. सतरंजी, गादी, दोन लोड आणि सोफ्याचा पुढचा भाग पाठीला. यात काहीच खर्च नाही आणि फरक मोठ्या पडद्याइतकाच पडतो. फक्त खाली बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येतात, तेव्हा भिंतीवर उंच टांगलेल्या टीव्हीकडे बघून दुसऱ्या सिनेमाला मान दुखणार. टीव्ही कमी उंचीच्या कपाटावर ठेवणं भिंतीवर टांगण्यापेक्षा बरं.

प्रोजेक्टरचं अंतर ‘थ्रो रेशो’वर, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब तो ठेवावा लागतो यावर ठरतं. रेशो १.२ असेल तर २.२१ मीटर रुंदीसाठी तो भिंतीपासून २.६५ मीटरवर, म्हणजे पावणेनऊ फुटांवर लागतो. ही जागा नेमकी खोलीच्या मध्ये येते. टीपॉयवर ठेवला तर पाणी आणायला उठणारा प्रत्येक जण चित्रातून जातो. डोक्यामागे स्टुलावर ठेवला तर त्याच्या पंख्याचा आवाज थेट कानाशी. छताला टांगला तर सीलिंग फॅन आडवा येतो. पाती प्रकाशाच्या वाटेत आली की सगळं चित्र लुकलुकतं, आणि पंखा बंद ठेवायची सोय आपल्या हवेत नाही. म्हणून छताला लावायचा तर तो पंख्याच्या आणि भिंतीच्या मध्ये बसतो का, हे टेप लावून आधी मोजा.

तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ करता येतं, असं विकणारे सांगतात. येतं, पण ते करताना यंत्रातल्या चित्र तयार करणाऱ्या पॅनेलचा कडेचा भाग वाया जातो आणि उरलेल्यात चित्र दाबून बसवलं जातं, त्यामुळे अक्षरं मऊ होतात. ७२०पीच्या यंत्रात हे लगेच जाणवतं. यंत्र भिंतीला समोरासमोर ठेवा, कीस्टोन शून्यावर ठेवा आणि चित्र थोडं लहान झालं तरी चालवून घ्या.

भिंत पांढरी आणि बिनचमकीची हवी. क्रीम किंवा पीच रंगाच्या भिंतीवर माणसांचे चेहरे आजारी दिसतात. चादर टांगू नका. तिला चुण्या पडतात, पंख्याच्या वाऱ्याने ती हलते आणि बराच प्रकाश आरपार जातो.

बाजूला बसणाऱ्यांच्या बाबतीत मात्र प्रोजेक्टर सरळ जिंकतो. भिंत सगळीकडून सारखीच दिसते. एलईडी टीव्हीत ‘व्हीए’ पॅनेल असेल तर समोरून काळा रंग छान, पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चित्र फिकं पडतं. ‘आयपीएस’ पॅनेल बाजूने टिकतं, पण अंधारात त्याचा काळा रंग धुरकट होतो. ओएलईडीत दोन्ही चांगलं, पण किंमत चढते. एल आकाराचा सोफा असेल तर दुकानात टीव्हीसमोर उभे राहा आणि चित्रातल्या चेहऱ्याकडे बघत बाजूला तीन पावलं सरका. चेहरा विटला तर तो टीव्ही तुमच्या घरासाठी नाही.

चौकट आणि सबटायटल

सिनेमे सगळे टीव्हीच्या आकाराचे नसतात. २.३९ प्रमाणाची (उंचीच्या २.३९ पट रुंद) चौकट ५५ इंची टीव्हीवर फक्त ५१ सेंटिमीटर उंच उरते. तीच चौकट १०० इंची भिंतीवर ९२ सेंटिमीटर होते. डोंगर, माळरान, माणसांची गर्दी अशा दृश्यांत हा फरक मनाला भिडतो, आणि प्रोजेक्टर घेण्याचं खरं कारण असेल तर ते हेच.

उलट जुने सिनेमे. पुण्यात प्रभातने १९३६ साली काढलेला ‘संत तुकाराम’ जवळपास चौकोनी चौकटीतला आहे. टीव्हीवर त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला कुणीतरी ‘स्ट्रेच’ दाबतं आणि तुकोबा आडवे होतात. ‘झूम’ केलं तर डोक्यावरची पगडी आणि खालची सबटायटल कापली जातात. चौकट ‘ओरिजिनल’ किंवा ‘फिट’वरच ठेवा. अशा सिनेमाला चांगला टीव्ही प्रोजेक्टरपेक्षा जास्त न्याय देतो, कारण काळ्या-पांढऱ्या छटांना काळा रंग खरोखर काळा लागतो.

टीव्ही घेतलात तर पहिल्याच दिवशी चित्रातली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि मग सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. सॅमसंगमध्ये ती ‘पिक्चर क्लॅरिटी’त, एलजीत ‘ट्रूमोशन’मध्ये, सोनीत ‘मोशनफ्लो’त सापडते. ‘फिल्ममेकर’ मोड असेल तर तो निवडला की हे बहुतेक आपोआप होतं.

प्रोजेक्टरवर सबटायटल पुढे बसलेल्यांच्या डोक्यांमागे जातात. गादीवर बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांपर्यंत येतं, म्हणून चित्राची खालची कड त्याच्या वर हवी. मराठी घरात मल्याळम किंवा इराणी सिनेमा बघणार असाल तर ही बाब बारीक नाही.

आवाज

“काय म्हणाला तो?” हा प्रश्न सिनेमात दहा वेळा आला की गप्पांचा विषय सिनेमा राहत नाही. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यात ५.१ आवाजाचा (पाच स्पीकर आणि एक बेस स्पीकर धरून केलेला) सिनेमा दोन स्पीकरांत दाबला की संवाद बारीक आणि मारामारी मोठी होते. ॲपमधला आवाज ५.१ वरून ‘स्टीरिओ’वर आणा, टीव्हीतला ‘नाइट मोड’ लावा, बरंच सुधारतं. त्यापुढे जायचं तर संवादांसाठी मधला वेगळा स्पीकर असलेला ३.१ साउंडबार घ्या आणि तो टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टालाच जोडा. शेजारच्या पोर्टाला लावला की आवाज येत नाही आणि साउंडबारच बिघडल्यासारखा वाटतो.

प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर संवादांना पुरत नाही, आणि आवाज चित्राकडून न येता पाठीमागून येतो. ब्लूटूथ स्पीकर भिंतीखाली ठेवावा तर आवाज मागे पडतो: साध्या ब्लूटूथमध्ये १५० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर. गाण्याला कळत नाही, संवादाला लगेच कळतं. उपाय साधा आहे. ३.५ मिलिमीटरच्या जॅकची पाच मीटर वायर घ्या आणि स्पीकर चित्राखाली ठेवा.

ॲप, नेट, वीज

अनेक स्वस्त प्रोजेक्टरांत अँड्रॉइड असतं, पण ‘वाइडवाइन एल१’ ही मान्यता नसते, जी संरक्षित सिनेमे एचडीत दाखवायला लागते. मग नेटफ्लिक्ससारखी ॲपं एक तर चालत नाहीत किंवा ४८०पी वर अडतात. १०० इंचांवर ४८०पी म्हणजे डोळ्यांना शिक्षा. त्यापेक्षा फायर टीव्हीसारखी स्टिक एचडीएमआयला लावा. तिला वीज मात्र तिच्या स्वतःच्या ॲडॅप्टरने द्या. प्रोजेक्टरचं यूएसबी पोर्ट अनेकदा अर्धा अँपियरच देतं, आणि मग ऐन प्रसंगात स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते.

एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, ४केला ७ पर्यंत. सव्वादोन तासांचे दोन सिनेमे म्हणजे एचडीतच साडेतेरा जीबी. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल पॅकवर हे होणार नाही. आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवलं तर फोनवरून मोठ्या पडद्यावर नेताना ॲप अनेकदा अडवतं, म्हणून तेही आधी तपासा.

वीज जाणाऱ्या भागात दिव्याचा जुन्या पद्धतीचा प्रोजेक्टर घेऊ नका. तापलेला दिवा पंख्याशिवाय अचानक बंद पडला की त्याचं आयुष्य घटतं. एलईडीचा घ्या.

बोलणं

वीकेंडचा अर्धा आनंद मतांत आहे, आणि इथे दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. टीव्हीसमोर दिवा चालू असतो, कुणी शेंगा सोलतं, कुणी मध्येच “ही तीच का?” विचारतं. बघता बघता बोलणाऱ्या घराला टीव्ही योग्य. प्रोजेक्टरसाठी अंधार लागतो आणि अंधारात माणसं आपोआप गप्प होतात. एका फोनचा उजेडही भिंतीवर कळतो. तिथे चर्चा शेवटी होते, पण सलग होते. आमच्या मते दुसरी जास्त कसाची, कारण शेवट बघण्याआधीच मत ठरलेलं नसतं.

वाद पडला की प्रसंग परत बघावा लागतो, “ती दारात थांबली होती, वळली नव्हती” यासाठी. टीव्हीवर पुढे-मागे सरकताना छोटी चित्रं दिसतात, दहा सेकंदांत प्रसंग सापडतो. रखडणाऱ्या प्रोजेक्टरवर तेवढ्यात मुद्दा विसरला जातो. स्टिक लावली की ही उणीवही जाते. सिनेमा संपल्यावर लगेच “किती स्टार?” विचारू नका. प्रत्येकाने आधी लक्षात राहिलेला एकेक प्रसंग सांगायचा, आवड-नावड नंतर. सगळ्यात कमी बोलणाऱ्याने पहिलं सांगायचं, नाहीतर पहिल्या जोरकस मताभोवतीच बाकीची फिरतात.

मग काय घ्यावं

दिवसा बघणारे, चार माणसांपर्यंतचे, वन बीएचकेतले: टीव्हीच. पैसे कमी असतील तर ६५ ऐवजी ५५ इंची घ्या आणि वाचलेल्या पैशांत साउंडबार. रात्रीच बसणारे, सहाच्या वर माणसं, एक भिंत पूर्ण मोकळी: खऱ्या ५०० एएनएसआय ल्युमेनचा, नेटिव्ह १०८०पीचा एलईडी प्रोजेक्टर. याहून कमी ताकदीचा घेण्यापेक्षा आहे तो ४३ इंची टीव्ही ठेवा आणि गादी पुढे ओढा. गच्चीसाठी म्हणून प्रोजेक्टर घेणार असाल तर पावसाळा आणि थंडीतलं दव वजा करून वर्षात किती रात्री उरतात ते मोजा.

मन प्रोजेक्टरकडे ओढत असेल तर मुंबई-पुण्यात तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. एक शनिवार आणा आणि तुमच्याच भिंतीवर तीन गोष्टी लावा: रात्रीचा एक लांब प्रसंग, सबटायटल असलेला एक रुंद चौकटीचा सिनेमा आणि एक जुना कृष्णधवल. कोपऱ्यातल्या जागेवर बसून बघा, पंखा चालू ठेवून बघा. आणि ही परीक्षा रात्री घेऊ नका, दुपारी ३ वाजता घ्या.